सुकूनही न मरणारे शेवाळ

पुस्तकाच्या पानांत जपून ठेवलेले पिंपळाचे पान पुष्कळ मुलांच्या संग्रही असते. काही दिवसांतच त्याचा हिरवा रंग उडतो, ते तपकिरी आणि ठिसूळ होते. वर्षभराने ते बाहेर काढून पाण्यात भिजत घातले, तर थोडे मऊ होते. पण पुन्हा हिरवे होत नाही, वाढत नाही. सुकलेले पान म्हणजे मेलेले पान, हा सर्वांचा नित्याचा अनुभव आहे.

या अनुभवाला धक्का देणारी एक हकीकत १९४१ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स लिपमन नावाचे एक शास्त्रज्ञ होते. वनस्पतिशास्त्राच्या मोठ्या संस्थांतून निरनिराळ्या वनस्पती वाळवून व कागदावर चिकटवून अभ्यासासाठी जपून ठेवण्याची प्रथा आहे. अशाच एका संग्रहातील शेवाळाचा नमुना लिपमन यांनी प्रयोगासाठी घेतला. तो नमुना तब्बल ८७ वर्षांचा होता. ज्यांनी तो गोळा केला, त्यांच्या नातवंडांचेही केस पांढरे होऊ लागावेत, एवढा हा काळ! त्या काळ्याकुट्ट पापुद्र्याला लिपमन यांनी पाणी आणि पोषणद्रव्ये दिली. काही काळाने त्यातून हिरवी वाढ दिसू लागली. ८७ वर्षे कागदावर पडून असलेला तो पापुद्रा निर्जीव नव्हता; तो पाण्याची वाट पाहत होता.

या शेवाळाचे नाव ‘नॉस्टॉक कम्यून’ असे आहे. ते जगाच्या पुष्कळ भागांत आढळते आणि आपल्या देशातही विपुल आहे. उन्हाळ्यात ते जमिनीवर कोरड्या, काळपट पापुद्र्यांच्या रूपाने पडलेले असते. चालणाऱ्याच्या पायाखाली ते कुरकुरते, पण त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पावसाच्या सरी कोसळल्या, की हेच पापुद्रे पाणी पिऊन फुगतात आणि पाहता पाहता त्यांचे हिरवट, मऊ, बुळबुळीत गोळे बनतात. काल जेथे काहीच नव्हते, तेथे आज हे गोळे कोठून आले, असा प्रश्न जुन्या काळी युरोपातील लोकांना पडे. ते आकाशातील ताऱ्यांवरून गळून पडले असावेत, अशी कित्येकांची समजूत होती.

सूक्ष्मदर्शक यंत्राखाली या गोळ्याचा छोटासा तुकडा ठेवला, तर मोठे मनोहर दृश्य दिसते. पारदर्शक चिकट द्रव्यात हिरव्या मण्यांच्या असंख्य माळा गुंतून पडलेल्या असतात. प्रत्येक मणी म्हणजे एक पेशी होय. माळेत मधूनमधून एखादा मोठा, जाड भिंतीचा मणी असतो. त्याचे काम वेगळे आहे, ते पुढे येईलच. अशा जीवांना नीलहरित शैवाल म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः हे खरे शैवाल नव्हेत. वनस्पतींच्या पेशीत जसे केंद्रक असते, तसे यांच्या पेशीत नसते. म्हणून शास्त्रज्ञ त्यांची गणना जीवाणूंत करतात आणि त्यांना ‘सायनोबॅक्टेरिया’ असे नाव देतात. मात्र हिरव्या झाडांप्रमाणे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ते आपले अन्न स्वतः तयार करतात. पृथ्वीच्या वातावरणात प्रथम प्राणवायू साठू लागला, तो यांच्याच पूर्वजांमुळे. ही घटना सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीची आहे. आज प्रत्येक प्राणी जो श्वास घेतो, त्याचे ऋण या क्षुद्र दिसणाऱ्या जीवांकडे जाते.

पाणी गेले म्हणजे सजीव का मरतो, हे समजल्याशिवाय या शेवाळाचा पराक्रम ध्यानात येणार नाही. जिवंत पेशीचा बहुतेक भाग पाण्याचाच असतो. पेशीभोवतीचे नाजूक पटल आणि पेशीतील प्रथिने ही पाण्याच्या आधारानेच आपला आकार टिकवून धरतात. पाणी नाहीसे झाले, की पटले एकमेकांना चिकटतात व फाटतात. प्रथिनांचे गुंफलेले धागे वेडेवाकडे होतात. नंतर पाणी मिळाले, तरी मोडलेले घर आपोआप उभे राहत नाही. फाटलेल्या पटलातून पेशीतील द्रव्ये वाहून जातात आणि पेशी मरते.

हिरव्या जीवांपुढे याहून मोठे एक संकट असते, आणि ते संकट म्हणजे खुद्द सूर्यप्रकाश! प्रकाश हा त्यांचा अन्नदाता. मग तोच शत्रू कसा होतो? याचे उत्तर प्रकाशसंश्लेषणाच्या क्रियेत आहे. पेशीतील रंगद्रव्ये प्रकाश पकडतात. त्या शक्तीने पाण्याचे विघटन होते, प्राणवायू बाहेर पडतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड वायूपासून शर्करा तयार होते. घरातील जात्याशी या क्रियेची तुलना करता येईल. जात्यात दाणे पडत असतात, तोवर पीठ सुरळीत येते. दाणे संपल्यावरही जाते जोराने फिरवीत राहिले, तर दगडावर दगड घासतो आणि जात्याचीच झीज होते. सुकलेल्या पेशीचेही असेच होते. पाणी संपलेले असते, शर्करा बनविण्याचे काम बंद पडलेले असते. पण सूर्य काही थांबत नाही. रंगद्रव्ये प्रकाश शोषीतच राहतात. त्या शक्तीला योग्य काम न उरल्यामुळे प्राणवायूची अतिशय उग्र रूपे निर्माण होतात आणि ती पेशीतील प्रथिने, पटले व आनुवंशिक द्रव्य यांची नासधूस करतात. उन्हात सुकणाऱ्या हिरव्या जीवाला असे दोन बाजूंनी झुंजावे लागते.

नीलहरित शैवालाने या दोन्ही संकटांवर तोड काढलेली आहे. त्याचा पहिला उपाय म्हणजे पेशींच्या माळांभोवतीचे चिकट आवरण. ते शर्करेच्या लांबलचक साखळ्यांचे बनलेले असते. पाणी भरपूर असताना ते पाणी शोषून ठेवते आणि ऊन पडू लागले, की ते हळूहळू सोडते. त्यामुळे पेशी एकाएकी सुकत नाहीत. त्यांना तयारीला अवधी मिळतो. हा अवधी फार मोलाचा असतो. सुकणे सावकाश झाले, तर पुढे जिवंत होण्याची शक्यता वाढते. ते झपाट्याने झाले, तर ती घटते. शिवाय या आवरणात पिवळसर तपकिरी रंगाचे एक द्रव्य असते. त्याला ‘सायटोनेमिन’ म्हणतात. सूर्याच्या प्रखर जंबुपार किरणांना ते वरच्या वर अडविते. उन्हातला वाटसरू डोक्यावर छत्री धरतो, तशी ही छत्रीच होय. सुकलेले नॉस्टॉक काळपट दिसते, त्याचे एक कारण हे रंगद्रव्य आहे.

दुसरा उपाय शर्करेचा. सुकण्याची चाहूल लागताच यांतील अनेक जातींच्या पेशी ‘ट्रेहॅलोज’ नावाची शर्करा आणि ऊसात असते ती साखर साठवू लागतात. बांगड्यांचा व्यापारी काचेच्या बांगड्या पेटीत भरताना त्यांच्यामध्ये पेंढा घालतो. त्यामुळे गाडीने कितीही हिसके दिले, तरी बांगड्या फुटत नाहीत. पाणी निघून गेल्यावर पटले व प्रथिने यांच्यामध्ये शर्करेचे कण असेच जाऊन बसतात आणि त्यांचा आकार बिघडू देत नाहीत. चिक्की करताना पाक आटून थंड झाला, म्हणजे काचेसारखा कडक होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. सुकत्या पेशीतील दाट रसही असाच काचेसारखा घट्ट होतो. त्या घट्ट रसात सारी हालचाल जवळजवळ थांबते. हालचाल थांबली, की बिघाडही थांबतो.

तिसरा उपाय सर्वांत चतुराईचा आहे. जाते रिकामे फिरू लागणार, हे ओळखून पेशी ते आधीच सोडून ठेवते. नीलहरित शैवालात हरितद्रव्याच्या जोडीला निळ्या रंगद्रव्यांचे झुबके असतात. प्रकाश पकडून त्याची शक्ती हरितद्रव्याकडे पोहोचविणे, हे त्यांचे काम. सुकण्याच्या वेळी ही देवाणघेवाण तोडली जाते आणि पकडलेल्या प्रकाशाची शक्ती निरुपद्रवी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकली जाते. यंत्र मोडत नाही, केवळ बंद ठेवले जाते. पुढे पाणी मिळताच ते पुन्हा लवकर चालू होऊ शकते, ते यामुळेच.

अशा रीतीने सज्ज झालेल्या पेशीत सर्व वजनाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पाणी उरले, तरी ती मरत नाही. ती खात नाही, वाढत नाही, श्वासही जवळजवळ घेत नाही. तिला जिवंत म्हणावे की मृत? या प्रश्नाचा विचार फार पूर्वीपासून चालू आहे. हॉलंडमधील अँटनी लेव्हेनहूक यांनी १७०२ साली घराच्या पन्हळीतील कोरडी धूळ पाण्यात भिजविली, तेव्हा तिच्यातून सूक्ष्म प्राणी हालचाल करू लागलेले त्यांना दिसले होते. पुढे १९५९ साली केंब्रिज येथील डेव्हिड कीलिन या शास्त्रज्ञांनी अशा अवस्थेला ‘क्रिप्टोबायोसिस’ म्हणजे ‘गुप्त जीवन’ असे नाव दिले. जीवन लपलेले असते, नष्ट झालेले नसते, हा त्या नावाचा भाव आहे.

आता पाऊस आला, की हे गुप्त जीवन प्रकट कसे होते ते पाहू. पुष्कळ दिवस बंद असलेल्या घरी कुटुंब परत आले, म्हणजे सगळी कामे एकदम सुरू होत नाहीत. आधी दार उघडून केर काढावा लागतो, मग चूल पेटते, नंतर पाणी भरले जाते आणि शेताच्या कामाला तर आणखी काही दिवस लागतात. नॉस्टॉकच्या घरातही कामांचा असाच क्रम असतो. सुमारे दोन वर्षे कोरडे राहिलेले नॉस्टॉक भिजवून शास्त्रज्ञांनी त्याचे निरीक्षण केले. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की पाणी तर पापुद्रा लगेच शोषून घेतो. परंतु श्वसन सुरू होण्यास सुमारे अर्धा तास लागतो. प्रकाशसंश्लेषण सुरू होण्यास ६ ते ८ तास लागतात, आणि हवेतील नत्रवायू पकडण्याचे काम सुरू होण्यास तर ५ दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ जावा लागतो.

हा क्रम विचार करण्याजोगा आहे. साठविलेल्या शर्करेवर प्रथम श्वसन चालते आणि त्यातून दुरुस्तीसाठी लागणारी शक्ती मिळते. त्या शक्तीने पटले सावरली जातात, बिघडलेली प्रथिने काढून टाकून त्यांच्या जागी नवी बसविली जातात आणि आनुवंशिक द्रव्यातील तुटलेले धागे जोडले जातात. इतके झाले, म्हणजे प्रकाशाचे यंत्र सुरू करता येते. प्रकाशसंश्लेषण सुरू झाले, की पेशीच्या घरात नवे अन्न येऊ लागते. त्यानंतर नत्रवायूची पाळी येते. माळेतील ते मोठे, जाड भिंतीचे मणी या कामासाठीच असतात. नत्र पकडणारे प्रथिन प्राणवायूच्या संपर्काने निकामी होते. म्हणून जाड भिंतींच्या आड, प्राणवायूपासून दूर, हे काम चालते. दीर्घ दुष्काळानंतर असे मणी नव्याने तयार करावे लागतात आणि त्याला दिवस लागतात. एकदोन दिवसच सुकलेले शेवाळ मात्र पुष्कळ लवकर सावध होते.

परंतु सहा तासांची सवड सर्वांनाच मिळते असे नाही. इस्राएल देशाच्या दक्षिणेस नेगेव्ह नावाचे वाळवंट आहे. त्याच्या काही भागांत वर्षाकाठी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या कोकणात जुलै महिन्यात एवढा पाऊस कधी कधी एका दिवसातच पडून जातो! अशा ठिकाणी वाळूच्या पृष्ठभागावर नीलहरित शैवालाचा पातळ थर असतो. त्यातील एका जातीला ‘लेप्टोलिंग्बिया ओहादी’ असे नाव आहे. या थराला पावसापेक्षा रात्री पडणाऱ्या दवाचाच आधार अधिक वेळा मिळतो. पहाटे दवाने तो ओला होतो आणि सूर्य वर आला, की पुन्हा कोरडा पडतो. अन्न बनविण्यासाठी जो अवधी मिळतो, तो पहाट आणि कोवळे ऊन यांच्यामधला. सावध होण्यात सहा तास घालविले, तर सारी संधी हुकेल. म्हणून ओल मिळाल्यावर अवघ्या काही मिनिटांत या शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण सुरू होते.

रोज जागे व्हायचे आणि रोज सुकून निजायचे, असा ज्याचा क्रम, त्याला निजण्याची वेळ आधी कळली पाहिजे. ती त्याला कशी कळते? जेरुसलेम येथील हिब्रू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी वाळवंटातील पहाटेची परिस्थिती प्रयोगशाळेत निर्माण केली आणि या शेवाळाचे निरीक्षण केले. १९१७ नव्हे, २०१७ साली, म्हणजे अगदी अलीकडे, त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहाटेचा मंद उजेड मिळाल्यावर जे शेवाळ सुकविले, ते पाणी मिळताच चांगले सावध झाले. तो उजेड न देता जे सुकविले, त्याला तसे सावरता आले नाही. उजाडले म्हणजे ऊन येणार आणि ऊन आले म्हणजे ओल जाणार, हा संकेत या जीवाला उमगतो. संकट अंगावर कोसळण्यापूर्वीच त्याची तयारी सुरू होते.

वाळवंटातील दुसऱ्या एका नीलहरित शैवालाची, ‘मायक्रोकोलियस’ची, रीत आणखी निराळी आहे. माती ओली झाली, की त्याचे धागे सरपटत पृष्ठभागावर येतात आणि ती सुकू लागली, की पुन्हा मातीच्या कणांआड जातात. चालताना ते आपले चिकट आवरण मागे टाकतात. त्या आवरणाने वाळूचे कण एकमेकांना बांधले जातात आणि वाऱ्याने उडणारी वाळू जागच्या जागी थोपून राहते. मात्र हा थर जेवढा चिवट, तेवढाच नाजूकही आहे. उन्हाने तो मरत नाही. पण माणसांच्या, गुराढोरांच्या पायांखाली आणि गाड्यांच्या चाकांखाली त्याचा चुरा होतो. एकदा मोडलेला थर पूर्ववत होण्यास वर्षानुवर्षे लागतात, आणि तोवर तेथील माती वारा घेऊन जातो.

भारतातील शेतीशी तर या जीवांचे नाते फार जवळचे आहे. भाताच्या खाचरात दरवर्षी पुरेसे खत न घालताही काही प्रमाणात पीक येत राहते, याचे कोडे शास्त्रज्ञांना होते. १९३९ साली पी. के. डे यांनी दाखवून दिले, की खाचरातील नीलहरित शैवाल हवेतील नत्र पकडून जमिनीला देत असते. त्यानंतर १९५० साली बनारस येथील आर. एन. सिंग यांनी उत्तर भारतातील ‘ऊसर’ जमिनींसंबंधीचे आपले काम प्रसिद्ध केले. या जमिनी क्षारांमुळे नापीक झालेल्या असतात. त्यांवर पावसाळ्यात नॉस्टॉकसारखे शेवाळ वाढते आणि उन्हाळ्यात सुकून पडते. बांध घालून पावसाचे पाणी अडविले आणि शेवाळाला वाढू दिले, तर अशी जमीन सुधारू लागते, असे त्यांना आढळले.

पुढे दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेतील जी. एस. वेंकटरामन प्रभृती शास्त्रज्ञांनी या शेवाळाचा खत म्हणून वापर करण्याच्या सोप्या पद्धती प्रचारात आणल्या. उथळ वाफ्यात माती, पाणी आणि थोडे सुपरफॉस्फेट घालून त्यात शेवाळ वाढवितात. थर चांगला जाड झाला, की पाणी आटू देतात आणि उन्हात वाळलेले पापुद्रे गोळा करून पोत्यांत भरतात. भाताची लावणी झाल्यावर हेक्टरी सुमारे १० किलो पापुद्रे खाचराच्या पाण्यावर विस्कटले, की काम झाले. जे सुकले की मरते, ते असे पोत्यात भरून ठेवता आले नसते. शेवाळाची सुकूनही टिकून राहण्याची शक्ती शेतकऱ्याच्या अशी उपयोगी पडते.

वनस्पतींचे शास्त्रज्ञ आज या जीवांकडे मोठ्या आशेने पाहत आहेत. पावसाने ओढ दिली, की उभे पीक डोळ्यांदेखत करपते आणि मग पाऊस आला, तरी ते उठत नाही. हे दुःख महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नवे नाही. शेवाळाची विद्या पिकाला लगेच शिकविता येईल असे नाही. कारण एका पेशीचे घर सांभाळणे वेगळे आणि मुळे, खोड, पाने असलेल्या रोपाचा संसार सांभाळणे वेगळे. परंतु पाण्याविना जीवन कसे टिकते, प्रकाशाचे यंत्र न मोडता बंद कसे ठेवता येते आणि पुन्हा कसे चालू होते, हे या लहानग्या गुरूकडून शिकता येते.

पावसाळ्यानंतर काळवंडलेल्या जुन्या भिंती, किल्ल्यांचे तट आणि देवळांची शिखरे पाहून, त्यांच्यावर मळ साचला आहे असे वाटते. त्या काळ्या थरात पुष्कळदा असेच असंख्य जीव निजलेले असतात. चैत्र-वैशाखाचे ऊन ते मुकाट्याने सोसतात. मृगाची पहिली सर येते, दगड भिजतो, आणि काही वेळातच त्या काळ्या डागातून प्राणवायूचे सूक्ष्म कण पुन्हा हवेत मिसळू लागतात.

अभ्यास

१. पिंपळाचे सुकलेले पान आणि नॉस्टॉकचा सुकलेला पापुद्रा यांत कोणता फरक आहे?
२. सूर्यप्रकाश हा सुकणाऱ्या हिरव्या जीवाचा शत्रू कसा होतो, ते जात्याच्या दृष्टान्ताने स्पष्ट करा.
३. पाणी मिळाल्यावर नॉस्टॉकमधील कामे कोणत्या क्रमाने सुरू होतात? तो क्रम तसाच का असतो?
४. नेगेव्ह वाळवंटातील शेवाळाला पहाटेच्या उजेडाचा कोणता उपयोग होतो?
५. सुकूनही जिवंत राहण्याच्या गुणाचा भातशेतीला कसा फायदा होतो?